विझलेल्या चुलींची आळी

रत्नागिरीत लोकमान्यांचं जन्मघर टिकलं. ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी १९१० च्या सुमारास उभारलेला राजवाडाही टिकला. नावं मोठी, म्हणून त्यांची निगा राखली गेली. रामआळीतल्या बिननावाच्या घरांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. त्यांची दुकानं झाली.

काय घरं होती ती! चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागेल तसा टणक होत जातो. त्या जांभ्याच्या जाड भिंती, फणसाच्या नाहीतर सागाच्या तुळया, वर उतरतं कौलारू छप्पर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलायचा, म्हणून पाखं इतकी खाली आणलेली की उंच माणसाने वाकूनच आत यावं. पडवीत वाटसरूने टेकावं, ओटीवर ओळखीच्याने बसावं, माजघरात घरच्यांनीच जावं. पुढे स्वयंपाकघर, देवघर, आणि मागे परसात बाव.

याच उंबऱ्यांनी कितीकांना आयुष्यभर बाहेर उभं ठेवलं, हेही खरं. १९३१ साली याच गावात सर्वांसाठी पतितपावन मंदिर उभारावं लागलं. दुकानाच्या दारात आज कुणी कुणाची जात विचारत नाही. त्याचं मोल मी जाणतो, तरी या घरांसाठी जीव तुटतोच.

दर्शनी भिंत फोडून शटर बसलं. पाटीला जागा हवी म्हणून पाखं छाटली, आणि पावसाचे सपकारे थेट भिंतीवर येऊ लागले. ओटीचा गल्ला झाला, माजघराचं गोदाम. कापडाच्या ठाणांमागे एखादा घडीव खांब अजून उभा दिसतो. त्याच्या कोरीव कमळावर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की पाकळ्या बोटांनी चाचपाव्या लागतात.

पण घाव खरा बसला तो चूल विझली तेव्हा. रोजचा धूर माळ्यापर्यंत चढायचा, वासे काळे करायचा आणि कीड दूर ठेवायचा. चूल गेली आणि लाकडाचा राखणदार गेला. पावसाळ्याआधी कौलं परतणारे हात मुंबईला लागले. वारसांची नावं वाढत गेली, भाडं वाटून घ्यायला सगळे. डागडुजीला पुढे कोण होणार?

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या भाड्यावर कुणाची फी भरली गेली, कुणाचं औषधपाणी झालं. पण उरलेल्या घरांचा कौलं उतरण्याआधी नकाशा तरी काढून ठेवा, तुळयांची मापं घ्या, जुन्या गवंड्या-सुतारांना बोलतं करा. ज्या घरांनी पिढ्यानुपिढ्या आपल्याला पावसापासून राखलं, त्यांचं आपण एवढं तरी देणं लागतो.