सरासरीत न दिसणारी रांग

"जागा तर अर्धी रिकामी आहे, मग हा सर्व्हर संध्याकाळी अडतो का?"

महाड एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच भेटीत हे विचारलं. त्यांच्या टेबलावर एका पुरवठादाराचं कोटेशन होतं. जुन्या स्टोरेजच्या दुप्पट जागा, मोठमोठ्या क्षमतेच्या पण संख्येनं कमी डिस्क, किंमत आटोक्यात. फक्त सही बाकी होती. मी पोलादपूर तालुक्यातला, सर्व्हर आणि स्टोरेजच्या कामात मुरलेला. त्यांना म्हटलं, सही थोडी थांबवा, आधी मोजू.

तक्रार कशी आहे ते डिस्पॅच सांभाळणाऱ्या काकांनी नेमकं सांगितलं. "साहेब, दुपारी बिल टाकलं की लगेच छापून येतं. पाच वाजले की ते गोल फिरत बसतं. बाहेर गाड्या लागलेल्या असतात, आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडता येत नाही." प्रयोगशाळेतल्या ताईंचंही तेच दुखणं, वेळही तीच. चाचणीचा अहवाल सेव्ह करायला गेलं की स्क्रीन गोठायची. दोन वेगळी सॉफ्टवेअरं एकाच वेळी अडतात तेव्हा दोघांच्या खाली जे सामाईक आहे तिथे बघायचं असतं. इथे ते होतं स्टोरेज. सहा डिस्क, प्रत्येकी ४ टीबीच्या, मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल अशा रचनेत, बांधलेल्या. हिशेबाचा डेटाबेस, लॅबच्या नोंदी, प्लँटमधून दर काही सेकंदांनी येणारे तापमान-दाबाचे आकडे, स्कॅन केलेली बॅच रेकॉर्ड, सगळं याच सहा डिस्कवर.

व्यवस्थापकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या ७,२०० मध्येच आहे. मिनिटाला ७,२०० म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती नोंद वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणून इकडच्या-तिकडच्या छोट्या नोंदी लिहिताना-वाचताना अशी एक डिस्क सेकंदाला ७५ ते ८० कामं उरकते, त्यापलीकडे नाही. डिस्कची क्षमता गेल्या काही दशकांत हजारो पटींनी वाढली, पण ही चकती आणि हे डोकं तेवढंच चपळ राहिलं. त्यामुळे सहा लहान डिस्क काढून तीन मोठ्या बसवल्या की जागा वाढते आणि वेग निम्मा होतो. त्या कोटेशनवर सही झाली असती तर पैसे देऊन संध्याकाळची रांग लांबवली असती. जागा आणि वेग या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. हे प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक पतपेढीत ओरडून सांगावंसं मला वाटतं.

मोजणी लावताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, नोंद दर १५ सेकंदांनी घ्यायची. पाच-पाच मिनिटांची सरासरी घेतली की त्यातलं अर्ध्या मिनिटाचं तुंबणं विरून जातं. दुसरी, मोजणी पूर्ण महिनाभर चालली पाहिजे, तीही महिनाअखेरीसकट. अकरा तारखेच्या आणि वीस तारखेच्या जीएसटी विवरणपत्रांआधी हिशेब विभाग जो डेटा उपसतो, तो एरवीच्या मंगळवारी दिसत नाही. रेड कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी आधीच तपासून घेतली. ती मेली की बरेच कंट्रोलर प्रत्येक लेखन थेट डिस्कवर ढकलतात आणि सगळंच मंदावतं. इथे बॅटरी ठीक होती.

महिन्याच्या शेवटी आलेख उघडले. दिवसभराच्या प्रतिसादवेळेची सरासरी नऊ मिलिसेकंद, म्हणजे कुणालाही उत्तम वाटेल अशी. पण संध्याकाळी पाच ते सात या पट्ट्यात तीच वेळ अधूनमधून १६० मिलिसेकंदांवर चढलेली. आणि त्याच वेळी सेकंदाला होणाऱ्या कामांचा आलेख २०० च्या आसपास जाऊन सपाट झालेला, जणू वरून रंधा मारला आहे.

हा सपाटपणा या धंद्यात फार फसवतो. आलेख बघून कुणीही म्हणेल की गरज २०० ची आहे, थोडी वाढ धरून २५० चं घ्या. पण २०० ही गरज नव्हतीच. ती त्या सहा डिस्कची कमाल होती. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनामागे डिस्कवर चार कामं होतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. इथे शंभरातली साठ वाचनं आणि चाळीस लेखनं होती. साठ अधिक एकशे साठ, म्हणजे शंभर कामांसाठी डिस्कवर २२० कामं. सहा डिस्क मिळून जेमतेम ४५० करतात, म्हणजे वर पोचतात दोनशेच. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की रांगेतली संख्या म्हणजे सेकंदाला होणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. २०० गुणिले ०.१६, म्हणजे ३२. अशा तुंबण्याच्या वेळी कोणत्याही क्षणी बत्तीस मागण्या त्या डिस्कच्या दारात उभ्या होत्या.

महाडच्या माणसाला हे समजवायला सावित्री पुरते. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडला येते, काळ आणि गांधारीचं पाणी घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीत भरती असली की पुढे जाणाऱ्या पाण्याला मर्यादा पडते. अशा वेळी खाली किती पाणी जातंय ते मोजून वरून किती येतंय हे कळत नाही. ते कळतं बाजारपेठेत पाणी किती चढलं त्यावरून. व्यवस्थापकांना एवढं सांगितल्यावर त्यांनी कोटेशन स्वतःच बाजूला सारलं.

खरी मागणी कळायची तर वाट मोकळी करून बघायला हवी. त्याआधी फुकटातलं एक काम केलं. कधीकाळी कुणीतरी संध्याकाळी सहाला लावून ठेवलेला डेटाबेसचा बॅकअप रात्री एकवर नेला. थोडा फरक पडला, पण रांग हटली नाही. मग ओळखीच्या एका मित्राकडून एसएसडी उसन्या घेतल्या आणि रविवारी प्लँटचं काम कमी असताना डेटाबेस तिकडे हलवला. त्या आठवड्यात संध्याकाळी आलेख ७०० पर्यंत गेला, टोकदार, कुठेही सपाट नाही. प्रतिसादवेळ दोन मिलिसेकंदांच्या आत. काका खिडकीतूनच म्हणाले, "साहेब, आज काय केलंत? बिल टाकायच्या आत निघतंय."

सातशेवर पुढच्या तीन वर्षांची वाढ धरून ९०० चा आकडा ठरला. एका लेखनामागे डिस्कवर किती कामं पडतात ते रेडच्या प्रकारावर ठरतं. याच साठ-चाळीसच्या प्रमाणात रेड १० मध्ये डिस्कवर १,२६० कामं पडतात, रेड ५ मध्ये १,९८०, रेड ६ मध्ये २,७००. जुन्या पद्धतीच्या डिस्क घ्यायच्या तर रेड १० साठीही सतरा-अठरा लागल्या असत्या, तेवढी वीज, तेवढी उष्णता. म्हणून १.९२ टीबीच्या चार एसएसडी रेड १० मध्ये, फक्त डेटाबेस आणि लॅबसाठी. स्कॅन आणि जुन्या फायली सहा जुन्या डिस्कवरच ठेवल्या, तिथे वेगाची घाई कुणालाच नाही.

जागेचा हिशेब तुलनेनं सरळ होता, पण कायद्यानं तो लांबवला. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे डेटाबेस पूर्वीपेक्षा जास्त वेगानं फुगतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे, तो वाटा वेगळा. शिवाय ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६४ दिसते हे ज्यांनी धरलं नाही त्यांची जागा कागदावरच संपते.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती दुसऱ्या प्रतीवर. कारखान्याची पोलादपुरात एक छोटी कचेरी आहे, बॅकअप तिथे ठेवू, असा प्रस्ताव होता. मला तो अर्धाच पटला. कारखान्यात आग लागली किंवा सर्व्हर खोलीत पाणी शिरलं तर जवळची प्रत सोन्यासारखी. दोन टीबी डेटा सेकंदाला १०० एमबीनं परत आणायला साडेपाच तास पुरतात. तोच डेटा ५० एमबीपीएसच्या लाइनवरून लांबून आणायचा तर साडेतीन दिवसांच्या वर जातात. पण २२ जुलै २०२१ मी विसरू शकत नाही. त्या दिवशी महाड पाण्यात गेलं, महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. आंबेनळी घाट तुटला. वीज नाही, फोन नाही. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्यामधल्या महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल वाहून गेला होता. महाड आणि पोलादपूर एकाच नदीच्या, एकाच पावसाच्या, एकाच रस्त्याच्या हवाली आहेत. एका संकटात दोन्ही प्रती सापडत असतील तर दुसरी प्रत मोजायचीच नाही, असं मी बैठकीत स्पष्ट सांगितलं. आवाज जरा चढला असेल. तळियेत गेलेल्या माणसांपुढे कारखान्याचा डेटा काहीच नाही, पण पूर ओसरल्यावर कामगारांचा पगार निघायला हवा, आणि त्यासाठी हजेरी आणि हिशेब शाबूत लागतात.

शेवटी तीन प्रती ठरल्या. एक पहिल्या मजल्यावर हलवलेल्या सर्व्हर खोलीत, एक पोलादपुरात, एक पुण्याला. रोजचा बदल ४० जीबीच्या आसपास आहे. ५० एमबीपीएसच्या लाइनवरून तो पुण्याला पोचायला पावणेदोन तास लागतात, आणि रात्री एकच्या बॅकअपनंतर पहाटेपर्यंत तेवढा वेळ सहज मिळतो.

पावसाळा सुरू होण्याआधी पुण्याच्या प्रतीवरून डेटाबेस उभा करून बघितला. हिशेबाच्या ताईंनी आदल्या दिवशीची शेवटची बिलं त्यात एकेक करून पडताळली, सगळी सापडली. पंधरा सेकंदांची मोजणी मी बंद केलेली नाही. पुढच्या वर्षी कारखान्यात नवा प्लँट सुरू होतोय, त्याच्या नोंदींनी ९०० चा अंदाज कितपत टिकतो ते महिनाअखेरीच्या संध्याकाळी बघायचं आहे.