रात्रीचे अकरा तेवीस

कोरियन फँटसी मालिकांत काळाची उलथापालथ नेहमीचीच. ‘रूफटॉप प्रिन्स’मध्ये (२०१२) जोसन काळातला राजपुत्र थेट आधुनिक सोलमध्ये येऊन टपकतो, आणि मग त्याची ती तारांबळ... मजा येते, नाही असं नाही. पण मला त्याहून आवडते २०१६ची ‘सिग्नल’. इथे माणूस कुठेच जात नाही. जातो फक्त आवाज!

बॅटरीसुद्धा नसलेला एक जुना वॉकीटॉकी रात्री ११:२३ला सुरू होतो. इकडे २०१५ मधला प्रोफायलर पार्क हे-योंग, पलीकडे पोलीस ली जे-हान. पहिल्यांदा बोलतो तो २००० सालातला जे-हान. नंतर लागतो तो १९८९ मधला, आणि हा कोण बोलतोय हे त्याला माहीतच नाही! शिवाय इकडे थोडे दिवस जातात तोवर तिकडे वर्षं उलटलेली. दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसताना लॉग वाचायला बसलं की असंच डोकं गरगरतं. जागा मात्र हलत नाही. मनोरुग्णालयामागच्या ज्या मॅनहोलपाशी जे-हान २००० साली पोचतो, तिथेच हे-योंग पंधरा वर्षांनी उभा.

भूतकाळ बदलता येतो, पण फुकट नाही. हे-योंगने दिलेल्या माहितीमुळे १९८९ मध्ये एक बाई वाचते, आणि पुढे बळी जाते ती नेमकी जे-हानला मनातून आवडणारी मुलगी. तिने काढून ठेवलेल्या तिकिटावर तो एकटाच सिनेमाला जातो. अख्खं थेटर हसतंय आणि हा ढसाढसा रडतोय. तो सीन बघवत नाही राव.

खरी धास्ती जादूची नाहीच, कायद्यातल्या मुदतीची आहे. पहिल्याच केसमध्ये खुनाच्या खटल्याची पंधरा वर्षांची मुदत संपायला काही तास उरलेले असतात. कोरियाने खुनासाठीची ही मुदत जुलै २०१५ मध्ये रद्द केली, पण ज्या केसेसची आधीच संपली होती त्या तशाच राहिल्या. मालिकेतल्या १९८९च्या खुनांमागे ह्वासंगची खरी प्रकरणं आहेत. १९८६ ते १९९१, दहा बायका. मुदत २००६ मध्ये संपली. २०१९ मध्ये डीएनए जुळला तो १९९४ पासून मेहुणीच्या खुनासाठी तुरुंगातच असलेल्या माणसाशी. त्याने कबुलीही दिली, पण खटला भरता येईना. आणि त्यातल्या आठव्या खुनासाठी १९८९ सालीच पकडलेला एक निरपराध माणूस सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढून आला होता. तो निर्दोष ठरला डिसेंबर २०२० मध्ये.