दुसरी टाकी

मी अग्निशमन दलात बरीच वर्षे पाणबुड्याचे काम केले. नदीत किंवा तलावात कोणी बुडाले, एखादी मोटार पाण्यात पडली, की आम्हांला बोलावणे येई. समुद्रातले रंगीत मासे पाहणाऱ्या हौशी पाणबुड्यांची चित्रे तुम्ही पाहिली असतील. आमच्या पाण्यात मासे दिसत नसत. स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. गाळ इतका, की डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखेच! आम्ही हातांनी चाचपडत शोध घेत असू. अंगाला दोर बांधलेला असे आणि त्याचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हातात असे.

माझा दोर चाचा धरत. ते आमच्या दलातले सर्वांत जुने पाणबुडे. टाकीतली हवा किती उरली हे दाखवणारा काटा गढूळ पाण्यात वाचता येत नाही. म्हणून चाचा काठावर घड्याळ घेऊन बसत आणि वेळ झाली की दोराला झटका देत.

२०११ च्या उन्हाळ्यात धरणावर पोहायला गेलेला एक मुलगा बुडाला. मी १० मीटर खोल उतरलो. तळ चाचपडत असताना माझ्या पायांभोवती काहीतरी गुंडाळले गेले. ते मासेमारीचे टाकून दिलेले नायलॉनचे जाळे होते. सुटण्यासाठी जितकी धडपड करावी, तितका मी अधिकच अडकत गेलो. चाचांनी दोर ओढला, तर जाळे आणखी आवळले. भीतीने श्वास भराभर चालू लागला. थोड्या वेळाने हवा ओढून घेणे जड जाऊ लागले. टाकी संपत आली होती.

माझ्याजवळ राखीव साधन होते. पण ते म्हणजे त्याच टाकीला जोडलेली दुसरी नळी. जोडीदाराची हवा संपली, तर त्याला देण्यासाठी ती असते. माझा जोडीदार काठावर होता आणि टाकी एकच. एका रांजणाला दोन तोट्या लावल्या, म्हणून काही पाणी दुप्पट होत नाही.

कसेबसे चाकूने जाळे कापले आणि वर निघालो. येताना श्वास सोडत राहिलो. तो रोखून धरला असता, तर वर येता येता छातीतली हवा फुगून फुफ्फुसे फाटली असती. काठावर आलो, तेव्हा त्या मुलाचे वडील पुढे धावले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. हात रिकामे होते. संध्याकाळी माझ्या सहकाऱ्याने त्यांच्या मुलाचा देह बाहेर काढला. मी तेव्हा काठावर बसून होतो. पुन्हा पाण्यात उतरण्याची माझी हिंमत झाली नव्हती.

त्यानंतर राखीव हवेसाठी वेगळी टाकी घ्यायचे ठरले. एक अगदी लहान नळकांडे आम्हांला दाखवण्यात आले. हातात मावणारे, हलके, स्वस्त. सर्वांना ते आवडले. चाचा मात्र म्हणाले, "बेटा, तुझ्यापर्यंत पोहोचायला दुसऱ्या माणसाला किती वेळ लागतो, ते आधी मोज. टाकी मग निवड."

आम्ही सराव करून पाहिला. हाक दिल्यापासून दुसरा पाणबुड्या दोर धरत अडकलेल्याजवळ पोहोचेपर्यंत पाच ते सहा मिनिटे जात. घाबरलेला माणूस मिनिटाला सुमारे ४० लिटर हवा घेतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, म्हणून टाकीतली ८० लिटर हवा खर्च होते. त्या नळकांड्यात ८५ लिटर हवा होती. म्हणजे जेमतेम एक मिनिट! २ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली ४०० लिटर हवा मावते. ती पाच मिनिटे पुरेल. ३ लिटरच्या टाकीत ६०० लिटर, म्हणजे साडेसात मिनिटे. खर्चावरून बरीच कुरकुर झाली, पण शेवटी ३ लिटरची टाकी आली.

तिच्यातही एक अडचण होती. पाठीवर आणखी एक वस्तू, म्हणजे जाळ्यात अडकायला आणखी एक जागा. म्हणून ती आम्ही मोठ्या टाकीला घट्ट आवळून बांधली. तिची नळी पिवळी होती, ओळखू यावी म्हणून. चाचा हसले. अंधारात पिवळे काय आणि काळे काय! त्यांनी तिचे तोंडात धरायचे टोक रबरी दोरीने माझ्या गळ्यात, हनुवटीखाली बांधले. मान खाली केली, की ते ओठांना लागे. हाताने शोधायलाच नको.

आता चाचा निवृत्त झाले आहेत आणि एका तरुण पाणबुड्याचा दोर मी धरतो. पाण्यात उतरण्यापूर्वी मी त्याला डोळे मिटायला सांगतो. "दुसरी टाकी उघडी आहे?" तो मागे हात नेऊन चाचपतो, मान खाली करून त्या टोकातून दोन श्वास घेतो आणि मान हलवतो. मग मी घड्याळात पाहतो आणि दोर सैल सोडतो.