गाडी बसते एकीकडे, हवा जाते दुसरीकडे

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या दारात हवेच्या फुग्यांवर तोललेली मोटार उभी असेल. पण अशा मोटारीखाली पाठीवर झोपून काम करणारा माणूस मात्र आपल्या पुष्कळ घरांत आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहितो. मी स्वतः नंदनवनात पंचवीस वर्षे गाड्यांच्या खाली काढली आहेत.

पूर्वी काम सोपे होते. अॅम्बेसेडर असो की ट्रक, खाली पोलादी पाट्यांच्या कमानी असत. पाटा तुटला की डोळ्यांना दिसे. तो बदलला की गाडी उभी. २००१ साली व्होल्वोच्या बसगाड्या भारतात आल्या आणि लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर हवेचे सस्पेन्शन लोकांच्या ओळखीचे झाले. २०१९ पासून नागपुरात धावणाऱ्या मेट्रोच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत. मोठ्या परदेशी मोटारींतही हीच सोय असते. अशा मोटारी श्रीमंतांच्या बंगल्यात जुन्या होतात, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला विकल्या जातात आणि शेवटी दुरुस्तीला आपल्या वस्तीतल्या गॅरेजात येतात.

तिथेच खरी अडचण सुरू होते. दुरुस्ती होते, पैसे ठरतात, गाडी डौलात जाते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. अशा वेळी दोष कोणाच्या माथी येतो? ज्याचा हात शेवटी लागला त्याच्या.

माझ्या भाच्याचे असेच झाले. आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून तो एका गॅरेजात लागला होता. एका मोठ्या गाडीचा पुढचा डावा फुगा फाटला होता, तो त्याने नवा बसवला. दोन दिवसांनी मालक गाडी घेऊन परत आला. गाडी पुन्हा डावीकडेच झुकलेली. मालकाने चारचौघांत सुनावले, "तुम्हा लोकांना सवलतीवर प्रमाणपत्रे मिळतात, काम कुठे येते?" गॅरेजवाल्याने पोराचा पंधरा दिवसांचा पगार रोखला आणि नव्या फुग्याची किंमत त्यातून कापण्याची भाषा केली. पोरगा रात्री घरी आला, जेवला नाही. म्हणाला, "मामा, म्या फुगा बरोबर बसवला होता. पण मायं कोन ऐकते?"

मी त्याला म्हटले, "तुयं कोनी ऐकनार नाही. पन मोजलं त आयकावंच लागते."

आता या यंत्रणेचे पोट समजून घेऊ. एक लहान कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती हवा आधी एका सुकवणीतून जाते. तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. पुढे झडपांचा एक ठोकळा असतो, त्याला व्हॉल्व्ह ब्लॉक म्हणतात. तिथून चार बारीक नळ्या चार चाकांवरच्या रबरी फुग्यांकडे जातात. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर झडप उघडतो किंवा बंद करतो. बसमध्ये सेन्सरऐवजी बहुधा दांडीने चालणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो. कारच्या टायरात साधारण २.२ ते २.४ बार दाब असतो. फुग्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा अधिकही असतो. एवढ्या दाबाला केसाएवढी फटसुद्धा पुरते.

म्हणजे गाडी डावीकडे बसली, तरी हवा डाव्या फुग्यातूनच गेली असे नाही. फुगा, त्याची नळी, नळीचा जोड, ठोकळ्यातली झडप, यांपैकी कुठूनही ती जाऊ शकते. सेन्सरची दांडी वाकली किंवा दुरुस्तीनंतर उंची नव्याने नोंदवली नाही, तर हवा कुठेच न जाताही गाडी वाकडी उभी राहते. खालच्या आर्मचे बुश चाक लोंबकळत असताना आवळले, तरी गाडी आपल्या उंचीवर नीट येत नाही. आणि नवा फुगा हवा न भरताच गाडीचे वजन त्याच्यावर सोडले, तर रबराची घडी चुकीची पडून तो पहिल्याच दिवशी चिरडतो. भाच्याने आधी हवा भरली होती, मग जॅक उतरवला होता. हे मी त्याला खोदून खोदून विचारले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे गॅरेजात गेलो. गाडी सपाट फरशीवर लावली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची मोजपट्टीने घेतली आणि वहीत वेळेसह लिहिली. मग सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरचा फ्यूज काढला. याला कारण आहे. काही गाड्या बंद केल्यावरही अधूनमधून जाग्या होतात आणि एक चाक खाली आले की बाकीची तीन त्याच्या पातळीला उतरवतात. मग चोर कोण आणि साव कोण, ते कळत नाही. फ्यूज काढला की ज्याची हवा गेली, तोच कोपरा खाली येतो.

रात्री अकराला मोजले, पहाटे सहाला मोजले. पुढचा डावा कोपरा साडेसहा सेंटिमीटर उतरलेला, बाकीचे जवळपास जिथल्या तिथे. साबणाच्या पाण्याचा फेस फुग्यावर, नळीवर, जोडांवर लावला. कुठेही बुडबुडा नाही. मालक असता तर इथेच म्हणाला असता की फुगाच खराब.

आम्ही पुढची पायरी घेतली. गाडी घोड्यांवर घेऊन त्या फुग्याची नळी ठोकळ्यापासून सोडवली, तिच्या टोकाला टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि बाहेरून हवा भरली. आता फुगा आणि नळी एकीकडे, ठोकळा दुसरीकडे. गाडी चाकांवर उतरवली, उंची लिहिली, रात्रभर ठेवली. सकाळी उंचीत फरक नव्हता. म्हणजे फुगा निर्दोष, नळी निर्दोष, ते बसवणारा हातही निर्दोष. ठोकळा उघडला तेव्हा त्या झडपेच्या बैठकीवर पांढरी पूड सापडली. सुकवणीतले जुने दाणे झिजून त्यांची भुकटी हवेबरोबर तिथे येऊन बसली होती. झडप पूर्ण मिटत नव्हती. पहिला फुगा फाटून गळत असताना कॉम्प्रेसर महिनोन् महिने जास्तीचा चालला असणार, त्यात सुकवणीही संपली.

सुकवणी आणि ठोकळा बदलल्यावर गाडी उभी राहिली ती राहिलीच. मालकाला वही दाखवली. त्याने पाने उलटून पाहिली, काही बोलला नाही. माफीचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. पण गॅरेजवाल्याने पगार पूर्ण दिला, आणि आता अशी गाडी आली की तो भाच्यालाच बोलावतो.

आणखी दोन गोष्टी आपल्या कामकरी भावांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली जिवाची आहे. नुसत्या हवेवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. फुगा फुटला किंवा झडप उघडली तर गाडी क्षणात खाली येते. मजबूत घोड्या लावा, आणि जोड सोडण्याआधी हवेचा दाब उतरवा. मालक घाई करो की गॅरेजवाला, ही पायरी सोडू नका. दुसरी गोष्ट हिवाळ्याची आहे. रात्री वीस अंशांनी गारठा वाढला, तर फुग्यातल्या हवेचे आकारमान सहा-सात टक्क्यांनी घटते. थंडीत गाडी चारही बाजूंनी किंचित खाली दिसली तर लगेच पार्ट बदलायला धावू नका. एकच कोपरा बसला तर मात्र गळती शोधा. आणि नागपूरच्या उन्हाळ्याने रबराला भेगा पडतात. त्या घडीत लपलेल्या असतात, म्हणून फुगा पूर्ण ताणलेला असतानाच पाहा.

कोणी म्हणेल, या साप्ताहिकात मोटारीच्या फुग्यांचे काय काम? मला वाटते, काम आहे. वारंवार बिघडणाऱ्या गाडीला लोक लिंबू-मिरची बांधतात, शनिवार पाळतात. आणि ते नाही चालले तर माणसाच्या जातीत दोष शोधतात. दोन्हींचे मूळ एकच. कारण शोधायचे कष्ट नकोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात आपल्या आई-बापांनी धम्म घेतला, तेव्हा दैवाला दोष देण्याची सवय दीक्षाभूमीवर सोडली. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, असे तथागतांनी सांगितले. मिस्त्रीच्या कामालाही याहून वेगळी वाट नाही.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. हातात पाना यावा एवढ्यासाठीच ती मागणी नव्हती. पान्यामागे डोके चालावे आणि कोणी बोट दाखवले तर पुराव्याने उत्तर देता यावे, असा मी तिचा अर्थ घेतो.

म्हणून माय-बहिणींना एक विनंती. पोरगा गॅरेजात लागला असेल तर त्याच्या डब्याच्या पिशवीत एक मोजपट्टी आणि एक वही टाका. गाडी आली तेव्हाची उंची, गेली तेव्हाची उंची, काय बदलले, काय तपासले, हे तारखेसह लिहायला सांगा. काढलेला जुना पार्ट मालकाला दाखवून मगच टाकायला सांगा. गरिबाच्या शब्दाला लोक पटकन खोटे ठरवतात. लिहून ठेवलेल्या आकड्याला तसे करता येत नाही.

जयभीम.