‘शॅल’चे देणे

इंग्रजीतील इतर क्रियापदे तृतीयपुरुषी एकवचनात अंती ‘स्’ घेतात. ‘शॅल’, ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ ही मात्र तो पत्करीत नाहीत. हा व्याकरणाचा लहरीपणा नव्हे. ही रूपे मूळची भूतकाळी घडणीची. वर्तमानाचा अर्थ त्यांस मागाहून लाभला. ‘कॅन’ म्हणजे जाणणे. संस्कृत ‘ज्ञा’ धातूशी त्याचे दूरचे नाते आहे. ‘मे’मध्ये सामर्थ्य होते. आज सक्ती करणारे ‘मस्ट’ ज्या क्रियापदापासून आले, ते तर एकेकाळी नुसती मुभा देत असे!

सर्वांत बोलका इतिहास ‘शॅल’चा. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या त्या काळच्या भाषांतरात कारभारी ऋणकोस धन्याचे देणे किती म्हणून विचारतो, ते याच क्रियापदाने. जर्मन ‘शुल्ड’ हा त्याचा सगोत्र शब्द; त्यात कर्जही आहे आणि अपराधही. कर्जातून कर्तव्य निघाले, कर्तव्यातून निव्वळ भविष्यकाळ.

अनुवादकाची अडचण इथेच सुरू होते. कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ अद्याप बांधून घेते. १९५० पासून अमलात असलेल्या भारतीय संविधानाच्या मराठी पाठात त्याच्या जागी ‘असेल’, ‘राहील’ अशी भविष्यकाळी रूपे येतात. कायदेपंडितास त्यातले बंधन कळते. सामान्य वाचकास ते भाकितासारखे ऐकू येते. वस्तुतः मराठीपाशी ‘लागणे’ होते: ‘तो देणे लागतो’ आणि ‘त्याला करावे लागते’, दोहोंत धातू एकच. ती वाट मात्र कोणी धरली नाही. ‘लागते’ म्हटले की कर्तव्याआधी नाइलाज डोकावतो, हे त्याचे कारण असावे.