बाजारातल्या तुरी

माझ्या रक्ताच्या अहवालात लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण): ५० च्या वर. दुखत काही नाही, जिना चढताना धाप लागत नाही. आकडा मात्र ठळक छापलेला.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. ही म्हण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. वरण घट्ट की पातळ यावरून भांडण, आणि तुरी अजून दुकानात! शाळेत आम्ही यावर हसायचो. आता वाटतं, भट अगदीच खुळा होता का? तुरी बाजारात होत्या हे खरंच. आज ना उद्या त्या घरात आल्याच असत्या, आणि वरणही पातळच झालं असतं. इतक्या वर्षांत भटणीचा हात त्याला ठाऊक असणार. म्हणजे त्याचा अंदाज बरोबरही असेल. पण वरण उद्याचं होतं आणि मार आजचा. आपण भटाला हसून मोकळे होतो. भटणीचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही. न शिजलेल्या वरणापायी मार खाल्लेली बाई दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसली, तर हात थरथरून पाणी जास्तच पडणार की. मग भट म्हणणार, बघ, सांगितलं नव्हतं?

माझा आकडाही असाच उद्याच्या वरणाचा. अमेरिकेत २७,९३९ धडधाकट बायकांचं रक्त एकदाच तपासलं आणि पुढची ३० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. एलडीएल कोलेस्टेरॉल, शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी आणि हे लायपोप्रोटीन-ए यांवरून कुणाच्या हृदयाला धोका जास्त, याचा अंदाज आला. २०२४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण अंदाज घोळक्याचा. तिन्ही आकडे चढे असूनही ज्यांना काहीच झालं नाही अशाही त्यांत असणारच. त्यांना तीस वर्षं आधी हे सांगितलं असतं, तर त्या सुखाने जेवल्या असत्या का? की सांगितल्यामुळेच कुणी वाचली असती? दोन्ही पटतं, हीच पंचाईत.

त्यात लायपोप्रोटीन-एचा आकडा हट्टी. चालून, तूप सोडून फारसा हलत नाही. स्टॅटिननेही उतरत नाही. म्हणूनच एलडीएल, रक्तदाब, साखर जपा, असं डॉक्टर म्हणतात. तो बहुतांशी आईबापांकडून येतो, तेव्हा सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असंही.

धाकटा भाऊ मजेत आहे. रविवारी मिसळ खातो, वर शेव मागून घेतो. तुम्ही त्याला सांगितलं असतंत का?