मोटारीच्या पाठीवर

स्वतःच्या पाठीवर घेतलेल्या ओझ्याची माणसाला पावलोपावली आठवण राहते. मोटारीच्या पाठीवर बांधलेल्या ओझ्याचा मात्र त्याला पहिल्या वळणापाशीच विसर पडतो. निदान माझे तरी असे झाले खरे.

गेल्या दिवाळीत आम्हांला पुण्याहून वाईस दोन सायकली न्यायच्या होत्या. एक चिरंजीवांची : पोपटी रंगाची, ॲल्युमिनियमची, अवघ्या 13 किलोंची. तिच्यावर बसून कृष्णेच्या काठाकाठाने मेणवलीच्या घाटापर्यंत जावयाचे, असा त्यांचा बेत होता. दुसरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची : काळी, उंच, सळईच्या ब्रेकांची आणि वजनाने 20 किलोंच्या घरातली. याच सायकलीवरून अण्णांनी 31 वर्षे शेजारच्या खेड्यात मास्तरकी केली, आणि तिच्या दांडीवर बसून मी प्रथम जग पाहिले. दुरुस्तीसाठी ती पुण्यास आली होती. "आणशील तेव्हा नीट बांधून आण," एवढेच अण्णांनी फोनवर सांगितले होते.

बांधण्यासाठी रॅक हवा, आणि रॅकच्या जाती तीन. पहिला टपावरचा. याने मागचे दिवे आणि नंबराची पाटी उघडी राहते, हा त्याचा मोठा गुण. परंतु 20 किलोंची सायकल डोक्यावर उचलणे पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या कंबरेला मानवत नाही. शिवाय टपाने किती भार सोसावा याची मर्यादा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि रॅकचे स्वतःचे वजनही त्या हिशेबातच धरावयाचे असते. उंचीचे संकट आणखी निराळे. दीड मीटर उंचीच्या मोटारीवर सायकल उभी केली की अडीच मीटरांच्या वर मजल जाते, आणि ही गोष्ट चालकाच्या ध्यानात क्वचितच राहते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सहलीहून परतले ते सवयीने थेट तळघराच्या वाहनतळात शिरले. मोटार आत गेली. सायकलीने आत येण्यास नकार दिला.

दुसरा रॅक मोटारीच्या मागील बाजूस, खालच्या सांगाड्याला बसविलेल्या मजबूत आकड्यावर उभा राहतो. सायकल फार उचलावी लागत नाही आणि चाके खोबणीत निमूट बसतात. तिघांत हाच मला उत्तम वाटला. पण आमच्या मोटारीस तसा आकडा नव्हता. राहिला तिसरा : डिकीच्या दारावर टेकवून सहा पट्ट्यांनी आवळावयाचा. तो स्वस्त, घडीचा, आणि खिळामोळा न लागणारा. स्वस्ताईच्या या मोहाला मी 'सुटसुटीतपणा' असे सुसंस्कृत नाव दिले आणि तोच घरी आणला.

सोबतच्या कागदावर बरेच लिहिले होते. आकडे पत्र्याच्या कडेत अडकवावेत, काचेच्या वा प्लॅस्टिकच्या कडेत अडकवू नयेत, एवढे मी वाचले. जड सायकल आधी, मोटारीलगत लावावी, हेही वाचले. पण चिरंजीवांना घाई होती, त्यांची सायकल आधी चढली आणि अण्णांची बाहेरच्या बाजूस लटकली. भार जितका बाहेर तितका त्याचा ताण अधिक, हे अण्णांनीच मला तरफेच्या धड्यात शिकविले होते. मी रॅक हाताने एकदा हलवून पाहिला. "अहो, पुन्हा एकदा ओढून पाहा ना," असे सौभाग्यवती म्हणाल्या, तेव्हा मला त्या शब्दांत माझ्या पुरुषार्थावरचा अविश्वास दिसला.

कात्रजचा बोगदा गेला, नीरा ओलांडली, शिरवळ मागे पडले. रस्ता चांगला म्हणून वेगही वाढला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, हे कुणी विचारते तर मी सांगितले असते. खंबाटकीच्या पायथ्याशी एक मोटारसायकलवाला सारखा भोंगा वाजवीत बाजूस आला आणि ओरडला, "सायेब, मागली सायकल पार खाली आलीया बघा!"

उतरून पाहिले. वरच्या पट्ट्या वीतभर सैल झाल्या होत्या. रॅकच्या पायाखालचा स्पंज हादऱ्यांनी दबतो, पट्टीला तेवढी ढील मिळते, आणि बक्कल कणाकणाने सरकू लागते; म्हणूनच पहिल्या काही किलोमीटरांनंतर थांबून पट्ट्या पुन्हा आवळावयाच्या असतात. अण्णांच्या सायकलीचे मागचे चाक धुराच्या नळीपाशी आले होते आणि टायर एका बाजूस हाताला ऊन लागत होता. मडगार्डने नंबराची पाटीही अर्धी झाकली होती.

सायकल वाचली, या समाधानात मी मान वर केली. तो मनुष्य अजून उभाच होता. मागे त्याची बायको, आणि पुढे टाकीवर दोन्ही हातांनी हँडल धरून बसलेले चार-एक वर्षांचे पोर. शिरवळपासून हे तिघे आमच्या मागे होते. घरून निघताना रंग खरवडेल काय, रिम वाकेल काय, अशी सायकलीची सारी चिंता मी वाहिली होती. ती सुटलीच तर कोणाच्या अंगावर जाईल, हा प्रश्न मला शिवलाही नव्हता. माझ्या तोंडून धड आभारही उमटले नाहीत. तो "सावकाश जावा" म्हणाला आणि घाट चढू लागला.

पुढचा पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेस सारे नव्याने बांधीत होतो. जड सायकल आत, हलकी बाहेर, तोंडे उलटसुलट, दोन्हींची चाके एकमेकांस बांधलेली, पंप व बाटली मोटारीत, पट्ट्यांची मोकळी टोके गाठ मारून आवरलेली. घाट चढल्यावर थांबलो, सुरूर फाट्यावर पुन्हा थांबलो. सौभाग्यवती एक अक्षर बोलल्या नाहीत.

वाईस अण्णा फाटकाशीच उभे होते. त्यांनी सायकलीकडे न पाहता प्रथम पट्ट्यांवरून बोट फिरविले, एक ओढून पाहिली. मग आत जाऊन जुन्या ट्यूबची कापलेली लांब पट्टी घेऊन आले. या पट्टीने त्यांनी जन्मभर कॅरिअरवर ज्वारीची पोती बांधली होती.

"परत जाताना पोराची सायकल हिनं बांध. तुझ्या पट्ट्या ओढून धरतात, पण हादरा बसला की सोडतात. रबर सोडत नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "वाटेत कुणी सांगितलं तुला?"

मी सारी हकीकत सांगितली.

"नाव विचारलंस त्याचं?"

मी विचारले नव्हते.